फास्ट ट्रेकसाठी हलकी सॅक घेताय? आधी पाण्याचा हिशोब करा

दरवर्षी पाऊस ओसरला की ओळखीतल्या दोघातिघांचा तरी मेसेज येतो, "दादा, कात्रज-सिंहगड एका रात्रीत करायचंय, हलकी सॅक सांग ना कुठली घेऊ", सोबत तीन लिंका, त्यातली एक ५५० ग्रॅमची, एक ७०० ची, एक ९०० ची, आणि प्रश्न एवढाच की ५५० वाली महाग आहे पण घेऊन टाकू का. मी दरवेळी त्यांनाच विचारतो की पाणी किती नेणार आहेस आणि ते सॅकमध्ये कुठे ठेवणार आहेस? यावर बहुतेक वेळा शांतता. म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढू.

साधा हिशोब बघा. कात्रजच्या जुन्या बोगद्यापाशी चढायला सुरुवात केली की सिंहगडाच्या बाजूला उतरेपर्यंत वाटेत भरवशाचं पाणी नाही, नुसत्या टेकड्या, चढ-उतार, चढ-उतार. माणशी ३ लिटर तरी लागतं, उकाडा असेल तर ४. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यात कुठलीही कंपनी काही करू शकत नाही. आता ५५० आणि ९०० ग्रॅमच्या सॅकमधला फरक किती, ३५० ग्रॅम, म्हणजे जेमतेम दीड पेला पाणी, पहिल्या तासातच पिऊन होतं. हा फरक अगदीच किरकोळ आहे असं मी म्हणत नाही, दिवसभर पाठीवर असतो तो. पण जी सॅक ३-४ किलो पाणी पाठीला चिकटून धरत नाही, चालता चालता बाटली हाताला लागू देत नाही आणि पाणी संपत आलं की पिशवीसारखी लोंबायला लागते, ती ५५० ची असली तरी जडच वाटणार. आणि जी हे तिन्ही नीट करते ती ८०० ची असली तरी संध्याकाळी खांदे शाबूत ठेवते. सह्याद्रीत सॅक ही मुळात पाणी वाहायची वस्तू आहे, बाकीचं सामान तिच्या सोबतीला असतं, असं धरूनच निवड करा.

सॅक सगळ्यात शेवटी घ्यायची. आधी एका रविवारी घरात चादर अंथरून, जे नेणार ते सगळं तिच्यावर मांडा आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन एकेक वस्तू मोजा, कंटाळा येतो पण एकदाच करायचं असतं. माझं एका दिवसाचं हिवाळ्यातलं सामान असं आहे: पाणी ३ लिटर, खाणं साधारण ७०० ग्रॅम (पोळी-चटणीचे रोल, खजूर, शेंगदाण्याची चिक्की, दोन संत्री, ओआरएसची पाकिटं), विंडचीटर ३००, जास्तीचा टीशर्ट आणि मोजे २५०, हेडटॉर्च ९०, पॉवरबँक २२०, क्रेप बँडेज आणि औषधं २००, टोपी-चाकू-दोरी असलं किडूकमिडूक १५०. बेरीज ४ किलो ९०० च्या आसपास येते, वर सॅक ६००-७०० ची धरली की साडेपाच किलो. यात निम्म्याहून जास्त पाणीच आहे बघा. आणि हे करताना हमखास लक्षात येतं की आपण एक लिटरची स्टीलची बाटली नेत होतो जी रिकामीच ३००-४०० ग्रॅम भरते, तेच दुकानातली साधी प्लास्टिकची बाटली तीसेक ग्रॅमची असते (ती वर टाकून यायची नाही, परत आणायची आणि पुढच्या ट्रेकला तीच वापरायची). म्हणजे सॅकवर हजारो रुपये न घालवता त्या ३५० ग्रॅमची सोय झाली.

मग लिटर. दुकानात २०, २५, ३५, ४० असे आकडे लिहिलेले असतात पण आपल्या सामानाला किती लागतं हे कुणालाच माहीत नसतं. किराणावाल्याकडून एक रिकामं खोकं आणा, बाहेरच्या खिशात जाणाऱ्या बाटल्या सोडून बाकी सगळं सामान, सॅकमध्ये भराल तसं दाबून त्यात भरा आणि सामान जिथवर आलं तिथपर्यंतची लांबी, रुंदी, उंची टेपने मोजा, सेंटीमीटरमध्ये. तिघांचा गुणाकार करून हजाराने भागलं की लिटर. ४० बाय ३० चं खोकं १५ सेंटीमीटरपर्यंत भरलं तर १८ लिटर, झालं. बहुतेकांचं एका दिवसाचं सामान १८ ते २२ लिटरमध्ये बसतं आणि गडावर एक रात्र मुक्काम असेल, पातळ स्लीपिंग बॅग, मॅट आणि वाट्याला आलेला शिधा धरून, २८ ते ३२ मध्ये. त्यावर दोनतीन लिटर मोकळे ठेवा, बास. "घेतोच आहे तर ४५ ची घेऊ, हिमालयातही चालेल" हा विचार करू नका, कारण मोठ्या सॅकेत मोकळी जागा दिसली की आपण ती भरतोच, जास्तीचं जर्किन, जास्तीचा डबा, मित्राचा कॅमेरा, आणि नाही भरली तर सामान खाली बुडाशी जाऊन बसतं आणि प्रत्येक उडीला कमरेवर आपटतं.

आता पाठ मोजायची. उंचीवरून सॅकचा साइज ठरत नाही, पाठीच्या लांबीवरून ठरतो. मान पुढे वाकवली की मानेच्या बुडाशी एक हाडाचा उंचवटा हाताला लागतो, तिथून टेप सुरू. खाली, कमरेवर दोन्ही हात असे ठेवा की बोटं पुढे, अंगठे मागे आणि हात कमरेच्या हाडावर टेकलेले, दोन अंगठ्यांना जोडणारी रेघ जिथे मणक्याला छेदते तिथे टेप संपला. दुसऱ्या कुणाला तरी मोजायला सांगा, एकट्याने चुकतं. माझी उंची ५ फूट १० पण पाठ ४४ सेंटीमीटर, माझा धाकटा भाऊ माझ्याहून दोन इंच बुटका आणि त्याची पाठ ४६, म्हणून एकाची सॅक दुसऱ्याला कधी धड बसली नाही. लहान सॅकमध्ये बऱ्याच कंपन्या एकच साइज देतात, तेव्हा घालून बघणं हाच उपाय. ऑस्प्रे वगैरे काही ब्रँड दोन साइजमध्ये देतात, किंमत जास्त आहे पण ज्यांची पाठ फार आखूड किंवा फार लांब आहे त्यांनी तिथे पैसे टाकायला हरकत नाही. मुलींनी बायकांच्या मापाचं मॉडेल एकदा तरी घालून बघा, फरक नुसत्या रंगाचा नसतो, पाठीची लांबी कमी असते, खांद्याचे पट्टे जास्त वळणाचे आणि जवळजवळ असतात. पुरुषांच्या सॅकचे पट्टे काखेत घासून सोलवटलेले ट्रेकभर सहन केलेल्या दोन मैत्रिणी मला माहीत आहेत, दोघींनाही वाटत होतं की सॅक म्हटलं की हे असंच असतं.

यापुढचा भाग माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, पाणी कुठे ठेवायचं. तीन जागा आहेत: बाजूचे खिसे, आतली नळीवाली पिशवी (ब्लॅडर), आणि छातीवरचे खिसे. नुसतं जलद चालायचं असेल, पळायचं नसेल, तर बाजूचे खिसे उत्तम, पण एकच कसोटी लावा, सॅक पाठीवर असताना, न थांबता, बाटली काढता आली पाहिजे आणि परत ठेवताही आली पाहिजे. काढता सगळ्यांना येते, ठेवता येत नाही! जे खिसे तोंडाला तिरके, पुढच्या बाजूला उतरते शिवलेले असतात त्यांत जमतं. ज्यात जमत नाही त्या सॅकेमुळे काय होतं तर माणूस प्यायला थांबायचा कंटाळा करतो, अर्धा अर्धा तास पीतच नाही, आणि मार्चच्या उन्हात कळसूबाईच्या शिड्यांपाशी पोचेपर्यंत पोटऱ्यांत गोळे. हे मी सोबतच्यांच्या बाबतीत इतक्यांदा पाहिलंय की आता ट्रेकआधी सगळ्यांच्या सॅकचे खिसेच बघतो.

ब्लॅडरचा फायदा हा की वजन बरोबर पाठीला लागून, मध्यभागी राहतं आणि चालता चालता पिता येतं. पण किती उरलंय ते दिसत नाही, आणि टाक्यावर भरायचा म्हणजे सॅक उपसावी लागते, शिवाय नळी धुवून नीट वाळवली नाही की आत काळी बुरशी धरते. मी २ लिटरचा ब्लॅडर आणि बाजूला एक लिटरची बाटली असं नेतो, बाटलीला हात लागायची वेळ आली की समजायचं दोन तृतीयांश पाणी संपलं. छातीवरचे खिसे म्हणजे पळणाऱ्यांच्या बनियनसारख्या सॅक असतात तशा, रुंद पट्टे आणि त्यावर अर्ध्या अर्ध्या लिटरच्या मऊ बाटल्या. पुढे एक किलो, मागे बाकीचं, त्यामुळे तोल फार छान राहतो, आणि उतारावर पळत यायचं असेल तर याला तोड नाही. फक्त रॉकपॅच, म्हणजे हातापायांनी पकड घेत चढायचा कातळटप्पा, असेल तिथे छातीवरचा तो फुगवटा कातळाला लागतो, पाय कुठे ठेवतोय ते दिसत नाही, त्यामुळे अलंग-मदन-कुलंगसारख्या ठिकाणी मी हा प्रकार नेणार नाही.

आणि पाणी कमी होत जातं हे विसरू नका. सकाळी साडेपाच किलोची सॅक दुपारी दोनला अडीच किलोची झालेली असते, म्हणजे तिला आवळता आलं पाहिजे. बाजूला वर-खाली असे आवळायचे पट्टे बघा, ते बाटलीच्या खिशावरून जात असतील तर आवळल्यावर बाटली अडकते की काय तेही बघा. छातीवरचा आडवा पट्टा वर-खाली सरकणारा हवा, त्याच्या बकलमध्ये बहुतेक वेळा शिट्टी असते, फुंकून बघा, वाजते का.

कमरेचा पट्टा हवा का, यावर लोक भांडतात. माझा अनुभव असा की ६-७ किलोच्या आत जाड गादीवाला पट्टा लागत नाही, तिथे फक्त सॅक हलू नये म्हणून अर्धा-पाऊण इंची साधा पट्टा पुरतो. त्यापुढे, मुक्कामाचं सामान घेतलं आणि ८-९ किलो झालं की मात्र गादीवाला पट्टा हवाच, आणि तो पोटावर बांधायचा नाही, कमरेच्या हाडावर बसवायचा, नाहीतर सगळा भार खांद्यावरच राहतो.

एक गोष्ट मला फार जवळून कळलेली आहे ती सांगतो. राजगड-तोरणा आम्ही तोरण्याच्या बाजूने करत होतो, वेल्ह्यातून भल्या पहाटे चढून. सॅक मित्राकडून मागून आणलेली, ५० लिटरची, अर्धी रिकामी, आणि मॅट तिच्या बुडाला आडवी बांधलेली, फोटोत सगळ्यांची असते तशी. बुधला माचीकडे जाताना जो कातळटप्पा उतरावा लागतो तिथे मी कातळाकडे तोंड न करता, दरीकडे तोंड करून, बसत बसत उतरायला लागलो. दुसऱ्या की तिसऱ्या पायरीला मॅट मागच्या कातळाला टेकली, मी अंग खाली सोडलं, आणि त्या टेकलेल्या मॅटने मला मागून ढकललं, जसं गर्दीत कुणी पाठीला कोपर लावावं तसं, आणि मी पुढे झुकलो. हातात धरायला होतं म्हणून धरलं गेलं. दोन सेकंदांचा प्रकार, पण खाली पोचल्यावर गुडघे इतके थरथरत होते की तिथेच बसून राहिलो, आणि सगळ्यात आधी ती मॅट सोडून सॅकच्या आत उभी घातली. तेव्हापासून माझा नियम आहे, सॅक माझ्या पाठीहून रुंद नको, डोक्याहून उंच नको, कमरेखाली लोंबणारी नको, आणि बाहेर काहीही टांगायचं नाही, कप नाही, चपला नाहीत, मॅट तर नाहीच. मॅट न्यायची असेल तर घडीची घ्या किंवा गुंडाळीची आत गोल फिरवून लावा आणि मधल्या पोकळीत सामान भरा. बिनफ्रेमच्या, म्हणजे पाठीला आतून ताठ सांगाडा नसलेल्या, हलक्या सॅकला त्यानेच आकार येतो, पाठीला डबा-बाटली टोचत नाही आणि फ्रेमचं वजन वाचतं.

कापड. लेबलवर ७०डी, १००डी, २१०डी असं लिहिलेलं असतं, डी म्हणजे डेनियर, ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममध्ये वजन, आकडा मोठा तितका धागा जाड. परदेशातल्या मऊ मळलेल्या वाटांसाठी केलेल्या ७०डीच्या सॅक आपल्याकडे एखादा सीझन काढतात, कारण आपल्याकडे बसाल्टचा खरखरीत कातळ, घसाऱ्यावर बूड टेकवत उतरणं, कारवीचे दांडे आणि करवंदीच्या जाळ्या. अंगाला १००डी रिपस्टॉप (फाटलं तरी पुढे फाटत जात नाही अशा विणीचं कापड) आणि बुडाला २१०डी किंवा जास्त, असं असेल तर निर्धास्त घ्या. सगळ्यात आधी फाटते ती बाहेरच्या खिशाची उघडी जाळी, करवंदीच्या एका काट्याने सुरुवात होते आणि ट्रेक संपेपर्यंत मूठ जाईल एवढं भोक. म्हणून खिसे जाळीऐवजी घट्ट विणीच्या ताणल्या जाणाऱ्या कापडाचे बघा, आत घातलेलं बोट आरपार दिसता कामा नये. दुकानात असतानाच खांद्याचे पट्टे जिथे वर शिवलेत ती शिवण उलटसुलट ओढून बघा, वरचा हँडलही, कारण रॉकपॅचवर सॅक दोरीने वर ओढायची वेळ आली तर सगळा भार त्याच एका शिवणीवर येतो.

पावसाळी ट्रेकवाल्यांनी रेनकव्हरवर विसंबू नये. कड्याच्या धारेवर वारा सुटला की कव्हर फुग्यासारखं फुगतं, आणि फुगलं नाही तरी पाणी पाठीवरून ओघळत सॅकच्या आतल्या बाजूने शिरतंच. ते ८०-१०० ग्रॅमचं कव्हर घरी ठेवा आणि सॅकच्या आत कचऱ्याची जाड, मोठी, काळी पिशवी घाला, सगळं सामान त्यात, वरून पीळ देऊन दुमडा. सॅक भिजू दे, सामान कोरडं राहतं. फक्त मग सॅक अशी हवी जी पाणी पीत नाही. पाठीला जाड स्पंजच्या गाद्या असलेल्या सॅक जुलैत पाणी पिऊन चांगल्याच जड होतात आणि चार दिवस वाळत नाहीत. बुडाशी पाणी जायला छोटं भोक असेल तर उत्तम. घरी आल्यावर ओली सॅक माळ्यावर टाकू नका, आपल्या दमट हवेत आतलं कोटिंग चिकट होऊन सोलायला लागतं आणि एक आंबूस वास येतो जो मग जात नाही.

पाठीला हवा खेळती ठेवणाऱ्या ताणलेल्या जाळीच्या सॅक एप्रिलच्या उन्हात मोहात पाडतात, पण त्या जाळीमुळे वजन पाठीपासून दोनतीन इंच मागे जातं, सॅक मागे खेचते आणि पळताना जास्त हलते, वर फ्रेमचं वजन वेगळं. संथ चालणाऱ्यांना छान, जलद ट्रेकला मी घेणार नाही. घाम तसाही येणारच आहे.

घेण्याआधीची चाचणी अशी करा. दुकानात जाताना घरून भरलेल्या तीन लिटर पाण्याच्या बाटल्या आणि दोन किलो तांदूळ सोबत घेऊन जा, लाज वाटू देऊ नका, डेकॅथलॉनसारख्या मोठ्या दुकानात कुणी काही म्हणत नाही. सॅक भरा, पट्टे आवळा, आणि जिना असेल तर दोनदा चढा-उतरा, जागच्या जागी उड्या मारा, खाली वाकून बुटाची नाडी बांधा (सॅक डोक्यावर येते का बघा), दोन्ही हात वर करून पकड घेतल्यासारखं करा, मान वर करून छताकडे बघा, डोकं सॅकेला लागत असेल तर रॉकपॅचवर वरची पकड दिसणार नाही. मग एक लिटर पाणी कमी करून परत तेच. वीसेक मिनिटं पाठीवर ठेवा, सुरुवातीच्या पाच मिनिटांत सगळ्याच सॅक छान वाटतात. ऑनलाइन घेतली तर लेबल न काढता हेच सगळं घरी करा म्हणजे परत करता येते. आणि पहिला मोठा ट्रेक नव्या सॅकवर नको, एका रविवारी आतकरवाडीतून सिंहगड करून या, तेवढ्या चढ-उतारात कुठे घासतं ते सगळं कळतं.

हिमालयासाठी हीच सॅक चालेल का असं पुढे विचारलं जातंच. छोट्या चढाईच्या दिवसाला चालेल, मुक्कामाच्या ट्रेकला थंडीचे कपडेच एवढी जागा खातात की नाही पुरणार. आणि सॅक हलकी झाली म्हणून तिथे वेग वाढवायचा नाही, ३००० मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात ३००-५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये हा नियम सॅकच्या वजनावर अवलंबून नाही.

शेवटचं, घरी आणल्यावरचं काम. नव्या सॅकचे पट्टे हातभर लांब असतात आणि चालताना मांडीवर फटफटत राहतात, कारवीत अडकतात. दोनतीन ट्रेक झाले, आपलं माप कळलं, हिवाळ्यात जाड कपड्यांवर घालून बघितलं, की मगच जास्तीचे पट्टे कापा, टोकापाशी चार बोटं जास्त ठेवून, आणि कापलेलं टोक मेणबत्तीवर धरून वितळवून घ्या म्हणजे धागे सुटत नाहीत, मग ते थंड झालं की एकदा दुमडून शिवून टाका, नाहीतर बकलमधून सटकतं. छातीचा पट्टा मात्र कापू नका, पावसात पाँचोवरून लावताना त्याची सगळी लांबी लागते.